पलीकडे पोचलीस का?

खोली शोधताना मी नकाशावरचं अंतर मोजलं आणि नदी मोजायची राहिली. खाडीकाठी वाढलेल्या माझ्यासारखीकडून ही चूक व्हायला नको होती.

2025च्या जानेवारीत मी इंग्लंडच्या ईशान्य टोकाला आले. नोकरी जॅरोला, टाइन नदीच्या दक्षिण काठावर, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या एका केअर होममध्ये. चिपळूणला पाच वर्षं हॉस्पिटलात काम केलं होतं, त्यामुळे कामाची धास्ती नव्हती. खोली मिळाली ती हाउडनला, उत्तर काठावर, दोन मल्याळी नर्सबाईंच्या घरात. भाडं परवडणारं होतं आणि नकाशावर हाउडन नि जॅरो एकमेकांसमोर, मधे बोटाच्या पेराएवढी निळी पट्टी. मी आईला फोनवर सांगितलंसुद्धा, की कामाची जागा समोरच दिसते.

दिसायला दिसत होतीच. घरापासून थोडं चालत गेलं की पलीकडच्या काठावरचे दिवे दिसायचे. पण तिथे पोचायला पूल नव्हता.

याच नदीवरचं मोठं शहर न्यूकॅसल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पूल येतात, आणि ते खरंच आहे. शहराच्या मध्यात नदीवर थोड्याशा अंतरात सात पूल आहेत. रॉबर्ट स्टीफनसनचा हाय लेव्हल ब्रिज 1849चा, वरून रेल्वे आणि खालून रस्ता. पाण्याशी लागून असलेला, आडवा फिरणारा स्विंग ब्रिज 1876चा. मोठ्या कमानीचा टाइन ब्रिज 1928चा. आणि सगळ्यांत पूर्वेला 2001 साली सुरू झालेला पादचाऱ्यांचा मिलेनियम ब्रिज, जो बोट आली की अख्खा कलतो. हा शेवटचा पूल ओलांडून नदी समुद्राकडे निघाली, की पुढे सुमारे पंधरा किलोमीटर एकही पूल नाही. कारण साधं आहे. खालच्या अंगाला दोन्ही काठांवर जहाजं बांधायचे कारखाने होते, कोळशाची जहाजं भरायची. उंच डोलकाठ्यांची, मोठाली जहाजं आत-बाहेर करणार तिथे आडवा पूल कोण घालणार? कारखाने जवळजवळ सगळे गेले. पूल काही झाला नाही. हाउडन आणि जॅरो या पूल नसलेल्या भागात येतात.

पहिला दिवस मी विसरणार नाही. आठ वाजता पाळी सुरू होणार, म्हणून साडेसहाच्या आधी मेट्रोच्या स्टेशनावर उभी राहिले. जानेवारीत तिथे आठ वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. जॅरो हे स्टेशन साउथ शील्ड्सकडे जाणाऱ्या मार्गावर आहे, एवढं मी पाठ केलं होतं. गाडी आली, तिच्या कपाळावर साउथ शील्ड्स लिहिलेलं दिसलं, पुढचं वाचायला मी थांबले नाही. चढले. गाडी टाइनमथ, कलरकोट्स, व्हिटली बे अशी समुद्राच्या कडेकडेने निघाली. बाहेर काळोख. मला वाटत होतं आता नदी येईल, मग येईल. स्टेशनांमागून स्टेशनं गेली आणि नदी काही येईना. शेवटी शेजारच्या बाईंना विचारलं. त्यांनी डब्यात लावलेल्या नकाशावर बोट फिरवून मला ती पिवळी रेघ समजावून सांगितली.

ती रेघ खरोखर समजून घेण्यासारखी आहे. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स स्टेशनातून ती निघते, शहराच्या मध्यातल्या मॉन्युमेंट स्टेशनावरून पूर्वेला हाउडन, नॉर्थ शील्ड्स करत समुद्रापर्यंत जाते. मग किनाऱ्याने वर चढून, वळसा घेऊन परत शहरात येते आणि पुन्हा मॉन्युमेंटलाच लागते, पण या वेळी दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे जमिनीखाली ही मेट्रो स्वतःलाच ओलांडते. तिथून दक्षिणेला नदीपार गेट्सहेड, हेवर्थ, हेबर्न, जॅरो आणि शेवटी साउथ शील्ड्स. मासे धरायच्या गळासारखा आकार. हाउडनहून जॅरोला जायचं तर उलट दिशेची, सेंट जेम्सकडची गाडी धरायची, मॉन्युमेंटला उतरून मजला बदलायचा आणि दक्षिणेची गाडी पकडायची. माझी गाडीही मला जॅरोला नेणारच होती, फक्त सगळा समुद्रकिनारा दाखवून. आठला पाच मिनिटं असताना मी धापा टाकत केअर होमच्या दारात पोचले. उशीर झाला नाही, पण पाय लटपटत होते.

रात्री आईला हे सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगो, म्हणजे आपल्या चिपळूणच्या वळशासारखंच की."

आमचं गाव गुहागर तालुक्यात, धोपाव्याच्या बाजूला. माझं आजोळ समोर, दाभोळला. मधे वाशिष्ठीची खाडी. होडी मिळाली तर तेवढंच पाणी, नाही तर चिपळूणवरून जो रस्ता आहे त्याने गेलं तर दिवस मोडतो. 2003मध्ये गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली तेव्हा आमच्याकडच्या बायकांच्या माहेरपणाची रीतच बदलली. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, हे त्याआधी सुचतसुद्धा नसे. समोर दिसणारं गाव लांब असू शकतं हे मला लहानपणापासून माहीत होतं. मेट्रोच्या त्या नकाशात मॉन्युमेंट म्हणजे आमचं चिपळूण होतं.

मग सहा आठवडे मी हा चिपळूणचा वळसा रोज घेतला. घरातून स्टेशन, मॉन्युमेंटला मजला बदल, मग जॅरो, मग पुन्हा चालणं. एका बाजूला तास-सव्वा तास जायचा. मेट्रोची तक्रार मी करणार नाही. 1980 साली सुरू झालेली ही व्यवस्था आहे, आणि अगदी सुरुवातीपासून तिची बांधणी अशी की चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही कुणाचा हात न धरता गाडीत चढता यावं. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत. माझ्यासारख्या, दिवसभर चाकाच्या खुर्च्या ढकलणाऱ्या बाईला हे लगेच दिसतं. आपल्याकडे आजीला लोकलमध्ये चढवताना आम्ही तिघंतिघं लागायचो.

त्या प्रवासातली एक जागा मला फार आवडायची. सेंट्रल स्टेशन सोडलं की गाडी बोगद्यात असते, आणि एकदम उघड्यावर येते, थेट नदीच्या वर. हा मेट्रोचा स्वतःचा पूल, राणी एलिझाबेथ दुसरी हिच्या नावाचा. डावीकडे हाय लेव्हल ब्रिजचं काळसर लोखंड, त्याच्यामागे टाइन ब्रिजची कमान. ती सध्या दुरुस्तीसाठी झाकलेली आहे, 2028च्या शंभरीआधी तिला नव्याने रंगवायचं चाललंय. मोजून काही सेकंद, आणि गाडी पुन्हा गेट्सहेडच्या बोगद्यात. हाउडनला माझ्यासमोर असलेली नदी मी तिथे, इतक्या वर येऊन ओलांडायची आणि दुसऱ्या काठाने तेवढीच परत खाली यायची.

फेब्रुवारीत एकदा मी बसने जाऊन बघायचं ठरवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. थांब्यावर पाऊस अंगावर घेत उभी राहिले, फोनवर बस येतेय असं दिसत होतं, मग दिसायची थांबली. पुढची बस वीस मिनिटांनी. त्या दिवशी मला उशीर झाला, नंतरच्या आठवड्यात पुन्हा एकदा झाला, आणि मॅनेजरबाईंनी मला आत बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, की रात्रपाळीची माणसं तू आल्याशिवाय जाऊ शकत नाहीत, आणि तुझा प्रोबेशनचा, म्हणजे नोकरीतल्या परीक्षेचा, काळ अजून संपलेला नाही. परदेशातून आलेल्या माणसाचा व्हिसा नोकरी देणाऱ्याच्या स्पॉन्सरशिपला बांधलेला असतो. नोकरी गेली तर देश सोडायची वेळ येऊ शकते. त्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला, तो संध्याकाळपर्यंत तसाच होता.

सोबत काम करणाऱ्या एकीजवळ गाडी होती. मोटारींसाठी नदीखालून टाइन टनेल आहे, 1967चा एक बोगदा आणि 2011मध्ये जोडलेला दुसरा. ती दोनदा मला त्यातून सोडायला आली. तिथे आता टोलनाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत फोनवरून पैसे भरायचे. दोन्ही वेळा तिने माझ्यासमोर फोन काढून पैसे भरले आणि माझ्याकडून घेतले नाहीत. कुणाला रोज असं भिडेत कसं टाकायचं?

एका सुटीच्या रविवारी मी फेरीसुद्धा करून बघितली. नॉर्थ शील्ड्सच्या स्टेशनावरून उताराने खाली गेलं की धक्का लागतो. तिथून साउथ शील्ड्सला नेक्ससची, म्हणजे मेट्रो चालवणाऱ्या संस्थेचीच, फेरीबोट जाते, अर्ध्या अर्ध्या तासाने. पाणी ओलांडायला सात मिनिटं. शील्ड्सच्या या जागी शेकडो वर्षांपासून 'तर' चालते. आमच्याकडे फेरीला 'तर'च म्हणतात, जुनी माणसं "तरीवर गेलो होतो" म्हणतात. त्या दिवशीच्या बोटीचं नाव 'स्पिरिट ऑफ द टाइन' होतं. जवळच फिश क्वे, मासळीचा धक्का. बर्फात घातलेल्या हॅडॉक माशांचा, ओल्या दोरखंडांचा आणि डिझेलचा वास एकत्र नाकात शिरला आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कुठेतरी ओळखीचं वाटलं. पण कामावर जायला हा मार्ग उपयोगाचा नव्हता. आधी मेट्रोने पूर्वेला, मग बोट, मग पलीकडच्या मेट्रोने पुन्हा मागे. वळसा तो वळसाच, फक्त दुसऱ्या टोकाचा.

मला रस्ता सांगितला तो आमच्या एका आजोबांनी. केअर होममधल्या सगळ्यांना आम्ही नावाने हाक मारतो, पण माझ्या मनात ते आजोबाच. वय सत्त्याऐंशी, जन्म जॅरोचा. इथली माणसं समोरच्याला मायेने "पेट" म्हणतात, तसं ते मला म्हणायचे. सकाळी त्यांचे मोजे चढवताना मी उशिराचं सांगून बसले. सांगायचं नव्हतं, पण ते विचारत राहिले. त्यांनी पाय मागे घेतला आणि म्हणाले, "हाउडनला राहतेस? मग तू बोगद्यातून का येत नाहीस, पेट?"

मला वाटलं ते मोटारींच्या बोगद्याबद्दल बोलतायत. ते नाही म्हणाले. माणसांचा बोगदा.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर स्वतः पाहिलं, म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते. 1951 साली, नदीच्या तळाखालून, हाउडन ते जॅरो असे दोन समांतर बोगदे उघडले. एक चालणाऱ्यांचा, एक सायकलवाल्यांचा. लांबी 274 मीटर. दक्षिण काठावरचे कामगार उत्तरेच्या जहाज कारखान्यांत जायचे, उत्तरेचे दक्षिणेला, आणि त्यांच्यासाठी हे केलं गेलं. भरभराटीच्या काळात दिवसाला वीस हजार माणसं त्यातून ये-जा करायची. आजोबा 1953मध्ये पंधराव्या वर्षी उमेदवारीला लागले तेव्हापासून त्यातलेच एक. खाली उतरायला लाकडी फळ्यांचे सरकते जिने होते, एका दमात एवढे लांब जिने तेव्हा या देशात दुसरीकडे नव्हते. "सायकल पुढे धरायची, ब्रेक दाबून ठेवायचा, आणि उभं राहायचं. सगळ्यांच्या तोंडात सिगारेट. खाली बुटांचा आवाज असा यायचा की बोलणं ऐकू यायचं नाही." हे सांगताना ते मांडीवर दोन्ही हातांनी ताल धरत होते.

मी त्यांना विचारलं, किती पैसे पडतात? ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कामावर जायचे पैसे कोण घेईल?"

जॅरो हे कामासाठी चाललेलं गाव आहे. 1930च्या दशकात तिथला जहाज कारखाना बंद पडला आणि गावच्या गाव बेकार झालं. 1936च्या ऑक्टोबरात दोनशे माणसं काम मागायला लंडनपर्यंत पायी गेली. हे आजोबांच्या जन्माआधीचं, पण ते सांगताना "आम्ही गेलो" असं म्हणतात. अशा गावातून पंधरा वर्षांनी समोरच्या काठावर फुकट जाता येणारी वाट झाली, याची किंमत मला त्या दिवशी त्यांच्या तोंडून कळली.

दुसऱ्या दिवशी पाळी दुपारची होती, म्हणून उजेडात गेले. घरापासून पंधरा मिनिटं. हाउडनच्या बाजूची इमारत लहानशी, गोल, विटांची. रस्ता माहीत नसलेला माणूस सरळ पुढे निघून जाईल अशी. आत शिरल्यावर ते जुने लाकडी जिने दिसले. आता ते हलत नाहीत, जपून ठेवले आहेत. वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीनंतर 2019मध्ये बोगदे पुन्हा उघडले, तेव्हा ते तसेच राखले. मी काही वेळ त्या पायऱ्यांकडे बघत उभी राहिले. लाकडाच्या पट्ट्यांच्या कडा इतक्या झिजल्या आहेत की मधला भाग खोलगट दिसतो. लिफ्टने खाली गेले.

खाली सरळ, लांब, उजळ नळी. भिंतींना हिरवट आणि दुधी रंगाच्या फरशा, गोलाईवर बसवलेल्या. हवा थंड, पण बोचरी नाही. बाहेरचा वारा, गाड्या, पक्षी, सगळं एकदम बंद झालं आणि माझ्या पावलांचा आवाज पुढे जाऊन परत यायला लागला. वर नदी आहे, तिच्यातून जहाजं जातात, हे मनात आलं आणि क्षणभर छाती दडपली. समोरून एक मुलगी पाठीवर शाळेची पिशवी टाकून गाणं पुटपुटत आली, माझ्याकडे बघून हसली आणि गेली. मग मी चालायला लागले.

मध्यावर भिंतीवर एक खूण आहे. एका बाजूला नॉर्थंबरलँड, दुसऱ्या बाजूला डरहॅम, जुन्या दोन परगण्यांची हद्द. आजोबांनी सांगितलं होतं की उमेदवारीतली पोरं तिथे एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून उभी राहायची. मी राहिले. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्या फरशीला हात लावला, गार होती.

पाच मिनिटांत दुसरं टोक. लिफ्टने वर आले तर जॅरो. घरापासून केअर होमच्या दारापर्यंत चाळीस मिनिटं, कुणाच्याही वेळापत्रकावर न विसंबता. गाडी आली का, पुढची कधी, कार्डात पैसे आहेत का, यातलं काहीच बघायचं नाही. फक्त चालायचं. परीक्षेचा काळ संपेपर्यंत मला पुन्हा एकदाही उशीर झाला नाही.

एप्रिलमध्ये मी जुनी सायकल घेतली. गावाला धोपाव्याच्या चढावर जी सायकल माझी दमछाक करायची तशीच, जड, काळी. आता शेजारच्या, सायकलच्या बोगद्यातून जाते, आणि वीस-पंचवीस मिनिटांत पोचते. मेट्रो सोडलेली नाही, सुटीला शहरात जायचं तर तीच. कधीकधी मुद्दाम पूर्वेकडची, लांबची गाडी धरते आणि खिडकीशी बसून समुद्र बघते. आता उजेड असतो.

नवीन कोणी कामाला लागलं की मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारते, राहायला कुठे घेतलंय? उत्तरेला असेल तर कागदावर रेघा काढून दाखवते. मागच्या महिन्यात नाशिकची एक मुलगी आली, तिनेही नकाशा बघून वॉल्सेंडला खोली घेतली होती. तिला सोबत घेऊन गेले. लाकडी जिन्यांपाशी ती थांबली, "ताई, फोटो काढ ना," म्हणाली. तो फोटो मी आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मुलीकडे बघितलंच नाही, दोन बोटांनी जिना मोठा करून बराच वेळ बघत बसले.

आईला बोगदा दाखवायचा राहिला होता. परवा पाळी संपल्यावर जॅरोच्या दारातून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती, ती माझ्यासाठीच जागी. लिफ्ट खाली जाईपर्यंत ती दिसत होती, मग चित्र अडकलं आणि फोन तुटला. मी सायकल हातात धरून पलीकडे चालत गेले, वर आले, हाउडनच्या बाजूला वारा लागला. फोन लगेच वाजला.

"पलीकडे पोचलीस का गो?" आईने विचारलं. आजोळहून उशिरा परतताना दाभोळच्या धक्क्यावरून आजी ओरडून हेच विचारायची.

"पोचले," मी म्हटलं. "झोप आता."